सात वर्षं जगायचं काम

माझी जीभ तिखट आहे. नवरा ते रोज सांगतो, मुलगी इंग्रजीत सांगते, आणि माहेरी तर ते सांगायचंही कुणी सोडून दिलंय. पण याच जिभेने मी एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात, तिचाच चहा पीत, लोभी म्हटलं. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या मावशी. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आम्ही घर घेतलं त्या आठवड्यात त्या अंगणातून केक घेऊन आल्या. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मोठी बाई दिसली की मावशी म्हणायचं, एवढं तिला शिकवलेलं, म्हणून तिने म्हटलं. बाईंनी अर्थ विचारला. आईची बहीण, असं कळल्यावर म्हणाल्या, "छान, मला फक्त एक भाऊच आहे." तेव्हापासून त्या सगळ्या गल्लीच्याच मावशी. मूळच्या इंग्लंडच्या. नवरा मोटारींची डिझाइन्स करायचा, त्याच्या नोकरीपायी पंचेचाळीस वर्षांपूर्वी इकडे आल्या. मूलबाळ नाही, आणि आता नवराही नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता त्यांचा फोन वाजायचा. तिकडे तेव्हा दुपारचे तीन. भाऊ मेंढ्यांकडून घरात आलेला असायचा आणि पुन्हा बाहेर जायच्या आधी बहिणीशी तासभर कुरकुर करायचा. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात त्यांचं वडिलोपार्जित शेत आहे. चारशे मेंढ्या, थोड्या गाई आणि दगडी बांधांची कुरणं. सगळी कामं आता त्याची मुलगी करते, म्हणजे मावशींची भाची. म्हातारा नुसता मध्ये मध्ये करतो, असं भाचीचं म्हणणं.

मी रविवारी चहाला जायची ती खरं तर ही कुरकुर ऐकायला. फोन स्पीकरवर असायचा, कारण म्हाताऱ्याला कानाचं यंत्र लावायचा कंटाळा, म्हणून तो ओरडून बोलायचा. एकराप्रमाणे मिळायचं ते सरकारी अनुदान बंद झालं. त्याऐवजी म्हणे झुडपांची कुंपणं लावा, रानफुलं वाढवा, ओढ्यात जनावरं सोडू नका, मग पैसे देऊ. भाचीने हिवाळाभर बसून त्याचे फॉर्म भरत आणले, तर एका संध्याकाळी योजनाच बंद. नवे अर्ज घेणार नाही! पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून जहाजाने आलेलं मटण दुकानात यांच्यापेक्षा स्वस्त. आणि लोकर? कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त. तरी म्हातारा दर वर्षी त्यातलीच थोडी लोकर कातून घ्यायचा आणि बहिणीला पाठवायचा. त्या लोकरीचा एक मफलर माझ्या गळ्यातही आहे. टोचतो मेला, पण मिशिगनच्या थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मी कराडजवळच्या एका गावची. घरी ऊस आणि हळद. त्यामुळे ही कुरकुर मला एकदम घरची वाटायची. कारखान्याने तोड लांबवली की आमचे वडील अगदी याच सुरात बोलायचे. भाषा वेगळी, पण सरकारचं नाव घेतल्यावर येणारा तो दीर्घ श्वास तोच.

मग त्या वारसा-कराचं निघालं. तिकडे शेतजमीन बापाकडून मुलांकडे जाताना आजवर कर लागत नसे. आता एका मर्यादेच्या वरच्या जमिनीवर लागणार, असं सरकारने जाहीर केलं. जमिनीला भाव भरमसाट, उत्पन्न मात्र जेमतेम. म्हणजे कागदावर म्हातारा श्रीमंत, आणि अंगात कोपरावर उसवलेला स्वेटर. तो गेला तर कर भरायला भाचीला कुरणं विकावी लागणार. कुरणं गेली की मेंढ्या गेल्या, आणि मेंढ्या गेल्या की राहिलं काय? लंडनच्या रस्त्यांवर शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर नेले. मावशींचा भाऊही भाचीबरोबर बसने निषेधाला गेला आणि सर्दी घेऊन परत आला.

वकिलाने एक वाट सांगितली. मालकांनी जिवंतपणीच जमीन भाचीला देऊन टाकायची. त्यानंतर ते सात वर्षं जगले, तर कर नाही. मालक दोन होते, कारण वडिलांनी शेत भाऊ-बहीण दोघांच्या नावे ठेवलेलं. तेव्हा सह्या दोघांच्या हव्यात. भावाने आपली करून कागद इकडे पाठवले.

जाडजूड तपकिरी पाकीट. मावशींच्या ओट्यावर, फळांच्या बशीखाली. पहिल्या रविवारी मी ते पाहिलं. दुसऱ्या रविवारीही ते तिथेच. तिसऱ्या रविवारी फोनवर भाची हळूच म्हणाली, "आत्या, कागद मिळाले ना?" मावशी म्हणाल्या, "मिळाले गं, बघते," आणि एकदम हवापाण्यावर गेल्या. चौथ्या रविवारी पाकिटावर केळी ठेवलेली पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

त्याला कारण होतं. मी हक्कसोड करून दिलेली बाई आहे. आमच्याकडे बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडून भावाच्या नावे करायचा, ही रीतच आहे. वडील गेल्यावर मी सुट्टी घेऊन गेले, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा दिला, फोटो काढला, सही केली. धाकट्या भावाने साडी घेतली, वहिनीने ओटी भरली, पुरणपोळी केली. एका सकाळीत सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं. मी कधी ब्र काढला नाही. तर म्हटलं, या बाईला काय धाड भरलीय?

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही काय मेंढ्या इथे नोव्हायला आणून चारणार आहात? ती पोरगी तिकडे राबराब राबतेय आणि तुम्ही तिची जमीन केळ्यांखाली दाबून बसलाय. मी एका दिवसात सही केली. आमच्या गावाकडे याला लोभ म्हणतात."

हे सगळं इंग्रजीत बोलले, आणि इंग्रजीत ते मराठीपेक्षाही वाईट वाटलं.

मावशी रागावल्या नाहीत. कप खाली ठेवला, चष्मा काढला.

"तो एक्याऐंशी वर्षांचा आहे, लव्ह," त्या म्हणाल्या. तिकडच्या पद्धतीने त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. "मी सही केली, की त्या तारखेपासून सगळे त्याचे दिवस मोजायला लागणार. तो खोकला की मोजणार. जिन्यात अडखळला की मोजणार. त्याची मुलगी इतकी गुणी आहे, पण तीसुद्धा मनातल्या मनात मोजणारच, आणि मोजलं म्हणून स्वतःला शिव्या घालणार. आत्ता तो नुसता एक म्हातारा आहे. मी सही केली, की त्याला जगून दाखवावं लागेल."

मग चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या, "आणि नाही केली आणि तो गेला, तर तिची कुरणं जातील. मला दोन्ही कळतं. म्हणून केळी ठेवलीत."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! चार रविवार ही बाई एकटी त्या पाकिटाशी झगडत होती, आणि मी तिच्यात जमिनीचा मोह शोधत बसले होते. कप विसळले, 'सॉरी' म्हटलं, घरी आले आणि रडले. नवरा म्हणाला, "यार, तू आधी बोलतेस आणि मग विचार करतेस." खरं बोलला, म्हणून त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. म्हटलं, "मावशी, कुणीतरी मोजणारच असेल तर आपण मोजू या. पण उलटं. किती उरले ते नाही, किती जगला ते."

त्या शनिवारी सह्या झाल्या. साक्षीदार मी. आमच्याकडे सही करणाऱ्या बहिणीची ओटी भरतात, म्हणून मीही तयारी केली. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणणाऱ्यांना माझ्या घरी चहा नाही. नारळ, तांदूळ, खण, आणि भावातर्फे म्हणून एक निळी साडी, जी मावशींनी पुढे टेबलावर अंथरली. व्हिडिओ कॉलवर म्हातारा आणि भाची होते. नारळ बघून म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, "हे खायचं कसं?" मावशी हसता हसता रडायला लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

त्यानंतर भावाला दम देण्यात आला. चार चाकांची ती मोटारसायकल घेऊन डोंगरावर जायचं नाही. बीपीची गोळी न चुकता. कानाचं यंत्र लावायचं. "तुला आता दुसरं काही काम नाही," मावशी म्हणाल्या, "फक्त जगायचं." तो म्हणाला, वकील सांगतो की माझ्या दोन म्हाताऱ्या मेंढ्या त्याच कुरणात चारायच्या तर मी आता पोरीला भाडं द्यायला हवं, नाहीतर दान खरं धरत नाहीत. "मग दे भाडं," मावशी म्हणाल्या, "आणि जग."

माझ्या मुलीने तक्ता करून दिला. सात वर्षांचे चौऱ्याऐंशी महिने, चौऱ्याऐंशी चौकोन. आधी नाक मुरडलं, "आई, दॅट्स सो मॉर्बिड!" पण मग स्वतःच मेंढीचे स्टिकर आणले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक मेंढी चिकटवायची. फ्रिजवर तो तक्ता लागला आणि रविवारची कुरकुर बदलली. सरकार मागे पडलं. गोळी घेतली का, काय खाल्लंस, छातीत घरघर कसली, असं सुरू झालं. भाची चुगल्या करायची, "आत्या, काल ते पुन्हा डोंगरावर गेले होते!" मग इकडून ओरडा. मावशीही स्वतः माझ्याबरोबर रोज मॉलमध्ये चालायला यायला लागल्या. त्यांच्या वाट्यालाही सात वर्षांची अट होतीच. मी त्यांना शिडीवर चढू देत नसे. दिवे बदलायला माझा नवरा.

तीन मेंढ्या चिकटल्या, आणि नाताळच्या तोंडावर बातमी आली. सरकारने माघार घेतली. कराची मर्यादा चांगलीच वाढवली. वकिलाने सांगितलं, यांचं शेत आता त्या मर्यादेच्या आतच बसतं. सह्या केल्या नसत्या तरी चाललं असतं.

मी तर भडकलेच. म्हटलं, हा काय पोरखेळ आहे? म्हाताऱ्या माणसांना मरणाचे हिशोब करायला लावता आणि मग म्हणता, राहू दे? फोनवर म्हातारा मात्र खुशीत होता. "म्हणजे आता मी कधीही मरायला मोकळा!" तो ओरडला. मागून भाचीचा आवाज आला, "बाबा, गप्प बसा!"

फोन झाल्यावर मी फ्रिजकडे गेले. म्हटलं, काढून टाकू या हे एकदाचं. तक्त्याला हात घातला, तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर त्याच्याकडे सगळ्यांनी काहीतरी मागितलंच. वडिलांनी काम मागितलं, बँकेने कागद, सरकारने फॉर्म. तू जग, एवढंच हवंय, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पंचेचाळीस वर्षं मी नुसतं विचारत होते, पाऊस पडला का."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी चौथी मेंढी आम्ही दोघींनी मिळून चिकटवली.

त्या दिवशी घरी येताना अंगणात बर्फ होता आणि मला माझा भाऊ आठवत होता. त्या सहीनंतर मी त्याला फोन करायची तो भाऊबीजेला आणि त्याच्या वाढदिवसाला. साडी झाली, पुरणपोळी झाली, काही उरलंच नव्हतं बोलायला. तोही आता पंचावन्नचा. वहिनी एकदा म्हणाली होती, यांना बीपी निघालंय. मी 'अगंबाई' म्हटलं होतं आणि विसरले होते.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं चाललेली. तो चटकन बाहेर ओसरीवर आला असावा, कारण भांड्यांचे आवाज थांबले.

"ताई? काय झालं? बरे आहात ना सगळे?"

"काही झालं नाही. असाच केला."

मग हळू, जपून आवाज आला. "ताई, जमिनीचं काही आहे का? वकील वगैरे भेटलाय का तुला कुणी? तुला परत नाव लावायचं असेल तर तसं सांग, मी नाही म्हणणार नाही."

माझा स्वतःचा भाऊ. बहिणीचा अवेळी फोन आला म्हणजे तिला जमीन हवी असणार, असं त्याला वाटावं, इतकी मी त्याला परकी झाले होते. आणि त्याचं काय चुकलं? मी कधी दुसऱ्या कशासाठी फोन केलाच नव्हता.

"मेल्या," मी म्हटलं, "बीपीची गोळी घेतलीस का, ते सांग."

पलीकडे ओसरीवर रातकिडे ओरडत होते.

"आज विसरलो बघ," तो म्हणाला. "थांब ताई, फोन ठेवू नकोस. घेऊन येतो."