माझ्यावरचा मथळा

आमच्या घरात अंगठा उठवणं संपलं ते माझ्यापासून. बी.ए.चं प्रमाणपत्र आजही बैठकीत लावलेलं आहे. पुढं साप्ताहिक काढलं, त्याहीपुढं गावाचा नगराध्यक्ष झालो, पण त्यांच्या तसबिरी काही लावल्या नाहीत.

छापखाना जुन्या पद्धतीचा होता. खिळे जुळवायला एक चाचा होते, माझ्या बापाच्या वयाचे. नेहमी लागणारे मथळे ते जुळवून, दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवत. ‘नगराध्यक्ष झोपले आहेत काय?’ हा त्यातलाच. पाण्याची बोंब झाली की दोरा सोडायचा अन् लावायचा.

मी निवडून आलो त्या हंगामात कापसाचे हाल होते. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग तीन-तीन दिवस हलत नव्हती. माणसांना पाणी नाही, बैलांना नाही. बातमी मीच लिहिली अन् नगरपालिकेत गेलो. मथळा सांगायची आमच्यात पद्धतच नव्हती. दुपारी येऊन पाहतो तर छपाई सुरू, अन् पहिल्याच पानावर तो.

“चाचा, सध्या नगराध्यक्ष कोण आहे?”

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “तुमीच तर आहा, भाऊ.” मग पान पाहिलं. “अरे बाप रे! पण बातमी पाण्याची हाय ना? पाण्याले हाच लागते.”

“आता?”

“मशीन थांबवतो. पाच मिनिटाचं काम. पण भाऊ, मागच्या नगराध्यक्षाले पाच वर्सं हाच लावला. तवा काहून नाही थांबवलं?”

बदललं असतं तर आमचा पेपर चहाच्या टपरीवरही कोणी उघडला नसता. न बदललं तर विरोधक तोच अंक सभागृहात नाचवणार होते. मी म्हटलं, “चालू द्या.” अन् टँकरच्या मागे लागलो. तो भरून निघायला सकाळ झाली. तोवर अंक गावभर गेला होता.

ड्रायव्हरशेजारी बसून मी केंद्रावर उतरलो. बोरी अरबकडचा एक गाडीवान बादली भरता भरता म्हणाला, “पेपरवाल्यानं लय झोडपलं म्हणते नगराध्यक्षाले, तवा कुठं पाणी आलं. पेपरवाला खमक्या दिसते बुवा.”

“खमक्या आहेच,” मी म्हटलं, “पण नगराध्यक्षही एवढा वाईट नाही.”

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. “तुमचा सोयरा हाय का?” असं म्हणत बादली बैलापुढं सरकवली.