आक्कांचं रीळ

मला गप्प बसता येत नाही. नवरा म्हणतो, कोणी पत्ता विचारला नाही तरी तू सांगत सुटतेस. खरं आहे त्याचं. पुणं सोडून हॅम्बर्गला येऊन वीस वर्षं झाली, पण ती खोड काही गेली नाही. त्या खोडीपायी मी एक करून बसलेय, ते आज सांगते.

आमच्या खालच्या मजल्यावर आक्का राहायच्या. मूळच्या श्रीलंकेच्या, सिंहली. मुलगी इथल्या हॉस्पिटलात नर्स, जावई जर्मन, आणि एकच नात. मोठ्या बहिणीला त्यांच्या भाषेतही अक्काच म्हणतात, त्यामुळे मी काय हाक मारायची ते पहिल्याच दिवशी ठरलं. धाकट्या बहिणीला त्या म्हणतात ‘नंगी’, आणि ते मात्र मराठी माणसासमोर उच्चारायची सोय नाही. म्हटलं, आक्का, तुम्ही मला नुसतं ‘अगं’ म्हणा. कारण ऐकून त्या हसत हसत जिन्यातच बसल्या. बाकी आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये जर्मन कोंबून.

“मी सिनेमात होते,” त्या एकदा कोथिंबीर निवडताना म्हणाल्या. मला वाटलं, असतील मागे नाचणाऱ्या पोरींत. कसलं काय! सतराव्या वर्षी एकदम नायिका. तेव्हा त्यांच्याकडचे सिनेमे मद्रासला जाऊन काढायचे, म्हणून आधी बोटीनं आणि मग आगगाडीनं गेल्या. घरच्यांनी वर्षभर तोंड पाहिलं नाही. पुढे बहीण झाल्या, वहिनी झाल्या, आणि पस्तिसाव्या वर्षी स्वतःपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या नायकाची आई. “चौदा वेळा मेले मी पडद्यावर,” त्या सांगायच्या. “क्षयानं, विहिरीत पडून, मुलाची वाट बघून बघून.” शेवटी टीव्हीवर आजी. मग नवरा गेला आणि मुलगी इथे घेऊन आली. कोलंबोच्या बसमध्ये ज्यांना बघून लोक उठून जागा द्यायचे, त्यांना इथे सुपरमार्केटातली कॅशवरची बाई खेकसायची, कारण सामान भराभर पिशवीत भरता यायचं नाही. मला असा संताप यायचा! आक्का मात्र मान खाली घालून एकेक टोमॅटो उचलायच्या.

त्या पहिल्या सिनेमाचं काहीही उरलेलं नव्हतं. मूळ निगेटिव्ह एका आगीत गेली, बाकीच्या प्रती थिएटरांनी झिजवल्या आणि टाकल्या. आक्कांकडे फक्त एक रीळ होतं. थिएटरात प्रोजेक्टर चालवणाऱ्या, जुन्या ओळखीच्या एका ऑपरेटरनं निवृत्त होताना दिलेलं, पत्र्याच्या गोल डब्यात. जेमतेम दहा मिनिटांचं. त्यात त्या अंगणात तांदूळ पाखडत असतात, कोणीतरी हाक मारतं, आणि त्या वर बघतात. “त्या वर बघण्यावर मी उभी राहिले गं,” असं त्या म्हणायच्या.

नातीला हे काही खरं वाटत नव्हतं. तिला सिंहली सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आजी सिनेमाचं सांगायला लागली की ही फोनमधून डोकं वर न काढता, “या, या, ओमा,” म्हणजे हो हो, आजी. एकदा माझ्यादेखत म्हणाली, आजी थोडं वाढवून सांगते, पण गोड आहे. आक्कांनी ते ऐकलं. त्यांचा चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून त्यांचं एकच. मरायच्या आधी पोरीला शेजारी बसवून ती दहा मिनिटं दाखवायची.

आता माझं शहाणपण ऐका.

इमारतीत प्रत्येकाला तळघरात एक केलर असतो, सायकली आणि जुनं सामान ठेवायला. आठ वर्षांपूर्वी मी आक्कांबरोबर त्यांच्या केलरमध्ये गेले, तर तो डबा लोखंडी फळीवर उघडाबोडका! हात लावला तर बर्फ. माझं डोकंच फिरलं. “अहो आक्का, असं कोणी ठेवतं का? या ओलाव्यात बुरशी धरेल!” त्या म्हणाल्या, “ऑपरेटर म्हणाला होता गार जागी ठेव.” मी म्हटलं, ऑपरेटर तुमच्या कोलंबोतला, त्याला इथली थंडी काय माहीत? माझ्या आईनं तिची पैठणी चाळीस वर्षं सांभाळली, मला विचारा.

आणि मी केलं. डबा वर आणला. जुन्या सुती साडीत गुंडाळला, पुण्याहून आणलेल्या डांबरगोळ्या घातल्या, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीनं असा बंद केला की मुंगी शिरणार नाही. आणि कपाटात ठेवला. कुठल्या? हायत्सुंगला, म्हणजे खोली तापवणाऱ्या हीटरला लागून असलेल्या. उबेला. आक्का माझा हात धरून म्हणाल्या, “तू आहेस म्हणून.” मी आपली खूश.

रीळ कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं दर वर्षी ठरायचं. मुलीच्या ड्यूट्या, त्यात आक्कांना ते परक्याच्या हाती द्यायची भीती. मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हेही फार दिवस नाही. तेव्हा मीच पिशवी उचलली आणि एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुनी रिळं उतरवून देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेले. आक्का दारापर्यंत आल्या. “नातीनं शनिवार मोकळा ठेवलाय,” म्हणाल्या.

तिथल्या तरुणानं चिकटपट्टी कापली, साडी सोडली, झाकण उघडलं आणि झटकन मागे झाला. व्हिनेगरचा असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांत पाणी. आत रीळ नव्हतंच. पापडासारखं वाकलेलं, एकमेकांत चिकटून दगड झालेलं काहीतरी होतं.

“हे कुठे होतं?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं, आधी केलरमध्ये.

“गेनाऊ, अगदी बरोबर, तिथेच ठेवायला हवं होतं. थंडीत ही फिल्म टिकते. उबेत कोंडली की स्वतःच्याच वाफेनं सडते. वर कोणी आणलं?”

मी, जिला गप्प बसता येत नाही, ती गप्प बसले.

त्यानं बिचाऱ्यानं खटपट करून बाहेरच्या कडेचा बोटभर तुकडा सोडवून दिला, पाकिटात घालून. शनिवारी नातीनं तो खिडकीशी धरला. बराच वेळ बघितला, हे कबूल केलं पाहिजे. अंगणाचा कोपरा आणि कोणाचा तरी पाठमोरा खांदा. “ओमा, ही तू आहेस?” तिनं विचारलं. आक्कांनी तुकडा डोळ्यांच्या कडेशी नेला, इकडून बघितला, तिकडून बघितला. त्यांना काही दिसलं नाही. म्हणाल्या, “माहीत नाही.” नात त्यांच्या गालाची पापी घेऊन मैत्रिणीकडे गेली.

आम्ही दोघीच उरलो. मी सांगणार होते, देवाशप्पथ सांगणार होते. गाडीत बसून वाक्यं जुळवली होती. पण आक्काच आधी बोलल्या.

“माझीच चूक गं. किती वर्षं त्या थंडीत टाकलं होतं मी ते. तू वर आणलंस, पण तोवर आतून गेलंच असणार. तुझं आधी ऐकायला हवं होतं.” आणि माझे दोन्ही हात धरून रडायला लागल्या. पडद्यावर चौदा वेळा मेलेली बाई, पण हे रडणं तसलं नव्हतं. नाक गळत होतं, आवाज फाटत होता.

“मला माफ कर,” त्या म्हणाल्या. “तू इतकं जपलंस.”

त्यानंतर आक्का पाच महिने होत्या. मी रोज खाली जायचे, वरणभात न्यायचे, आणि रोज ते न सांगताच वर यायचे. मुलीला नाही, नातीला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलं. त्या शनिवारी मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवतं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हटलं, “जाऊ द्या आक्का, झालं ते झालं. मी काही मनात ठेवलेलं नाही.”