वाकड्या दस्त्याची बंदूक

गेल्या वर्षी आंब्याला मोहर आला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. बंदूक विकत आणा म्हणणारा माझा नवरा आणि बंदूक करून घ्या म्हणणारे माझे सासरे. मी दोघांच्याही बोलण्याला मान डोलवत होते. मी मिठबावची. भांडण फुकटात बघायला मिळत असेल, तर चुलीवरचं कालवण करपलं तरी मला चालतं.

बंदूक म्हणजे छऱ्यांची एअरगन, आणि तीसुद्धा माकडांना मारायला नव्हे. माकडाला हात लावला तर एकीकडे वनखातं आणि दुसरीकडे मारुतीराया, कोणाकोणाला तोंड देणार? आमच्याकडे डबा वाजवतात. झाडाला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि खालून दोरी ओढायची. पण आमच्या बागेतली माकडं इतकी सोकावली होती, की दोरी ओढणारा माणूस खाली दिसला की डब्याशेजारी बसून त्याच्याचकडे बघत राहायची. म्हणून मामंजींनी युक्ती काढली. डबा बागेच्या पार टोकाला, कुंपणाच्या दगडी गडग्याजवळच्या झाडावर टांगायचा आणि ओटीवर बसून त्याच्यावर छरा मारायचा. माणूस दिसत नाही आणि डबा आपोआप खणकन वाजतो, म्हटल्यावर टोळी शेजाऱ्याच्या बागेत पसार. पुढे शेजारी आणि त्याचं नशीब.

युक्ती झकास, पण एवढ्या लांबचा डबा टिपणार कोण? पूर्वी मामंजींकडे लायसनची बंदूक होती आणि पंचक्रोशीत त्यांच्या नेमाचं नाव होतं. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची, असा नियमच होता. मागच्या खेपेला जमा केली ती त्यांनी परत आणलीच नाही. कागदपत्रांचा कंटाळा आला म्हणाले. तेव्हापासून माकडांचं फावलं. शेवटी आमच्या ह्यांनी जाहीर केलं, की यंदाही राखण जमली नाही तर बाग व्यापाऱ्याला कराराने देऊन टाकू. हे ओरोसला कचेरीत जातात, यांना काय त्याचं! पण मामंजींनी एकेक कलम स्वतःच्या हाताने लावलेलं. बाग कराराने गेली, की आपल्याच झाडाखाली पडलेला आंबा उचलायला परक्याची परवानगी. त्या दिवशी मामंजी दोनच घास जेवून उठले, आणि मला नवऱ्याचा असा राग आला की त्याच्या ताटात मी मुद्दाम माशाचा डोक्याकडचा तुकडा वाढला.

मग ठरलं. दोघांनी आपापली बंदूक आणायची आणि ओटीवरून डब्यावर तीन-तीन छरे मारायचे. मामंजींचा एक जरी लागला तरी बाग त्यांच्या हाती राहणार.

ह्यांची बंदूक आठवड्यात खोक्यातून आली. काळी कुळकुळीत, वर दुर्बीण. कंपनीत यंत्रावर बनते, प्रत्येक नग सारखा, केसाचाही फरक नाही, असं प्रवचन रोज ऐकायला मिळू लागलं. मामंजींचं म्हणणं, नग सारखे असतील, पण माणसं खंय सारखी आसत? कोणाची मान लांब, कोणाचा हात आखूड. बंदूक अंगावर बेतायला हवी. म्हणून त्यांनी एका जुन्या एअरगनची नळी आणि चाप मिळवला आणि फणसाच्या लाकडाचा दस्ता करायला कट्टा गावच्या सुताराला बोलावलं. सुताराने जन्मात खाटा आणि पाट सोडून काही केलेलं नव्हतं, पण आव असा, की पलटणीच्या पलटणी यानेच सजवल्या.

माप द्यायला मामंजी उभे राहिले. काठी उजव्या खांद्याला लावली, मान कलती केली, उजवा डोळा नेमावर. आणि मी मनात म्हटलं, अगो बाय, हा म्हातारा लबाड बोलतो.

कारण त्यांचा उजवा डोळा गेलेला होता. घरात कोणालाच माहीत नव्हतं, पण मला होतं. उजवीकडून वाढलेली भाजी तशीच राहायची. उजवीकडून मांजर आलं की दचकायचे. डाव्या खांद्याला बंदूक लावली असती तर त्यांना डबा दिसला असता, पण मग सगळ्यांना कळलं असतं. डोळा गेला म्हणजे राखण गेली, आणि राखण गेली म्हणजे बाग गेली. हे सगळं त्यांनी स्वतःशीच गिळून टाकलं होतं. मला आतून भडभडून आलं आणि त्यांच्या हट्टाचा संतापही आला. स्वतःच्या मापाची बंदूक करून घ्यायची आणि माप मात्र खोटं द्यायचं!

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या निमित्ताने मी कट्ट्याला गेले आणि सुताराला सांगितलं, की दस्ता सरळ करायचा नाही. तो टेकायचा उजव्या खांद्यालाच, पण मध्ये असा बाक द्यायचा, की नळी डाव्या डोळ्यासमोर यायला हवी. सुतार माझ्याकडे बघतच राहिला. अशी वाकडी वस्तू दिली तर आपलं नाव जाईल, लोक शेण घालतील तोंडात, म्हणाला. मी म्हटलं, विचारलं कोणी तर लाकूड वाळताना वाकलं म्हणून सांग. लाकडाला थोडंच कोणी जाब विचारतं? दोन वाटे सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, कबूल केली तेव्हा गडी तयार झाला.

बंदूक आली आणि ओटीवर हसण्याचा कल्लोळ. ह्यांनी तर विळा आणलात की बंदूक, म्हणून विचारलं. मामंजींचं तोंड उतरलं. सुतार लाकडाला शिव्या घालत, माझ्याकडे न बघता निघून गेला. तेवढं काम त्याने चोख केलं.

रविवारी ह्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. पहिला छरा फुकट, दुसरा डब्यावर, तिसराही डब्यावर. मग मामंजी बसले. वाकडी बंदूक उजव्या खांद्याला लावली, मान नेहमीसारखी कलती केली आणि तशीच थबकले. नळीवरची नेमाची माशी आपोआप डाव्या डोळ्यासमोर आली होती. त्यांनी बंदूक खाली घेतली, दस्त्याच्या बाकावरून हात फिरवला, आणि डोकं वळवून माझ्याकडे बघितलं. मी सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागले. तांदूळ निवडून झालेले होते, पण दुसरं काय हाताला लागणार?

पहिला छरा खणकन. दुसरा खणकन. तिसरा त्यांनी मारलाच नाही. बंदूक माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, मार बघया. ह्यांनी इकडून-तिकडून मान वाकडी करून बघितली, ह्यांना नळीसुद्धा धड दिसेना. ही बंदूक आहे की जादू, म्हणाले. बाग मात्र राहिली.

रात्री जेवताना मामंजी मुलाला शांतपणे म्हणाले, "माझो उजवो डोळो गेलो. वर्स झाला. आधी सांगलंय असतंय तर तू बाग दिलंस असतंस."

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "होय. दिलंय असतंय." खोटं बोलले नाहीत, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच मला नवऱ्याबद्दल बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून हे त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टर म्हणाले, नुसता मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया केली की पूर्वीसारखं दिसेल, याच आठवड्यात करून टाकू. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजींनी मात्र डॉक्टरांकडे संशयाने पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"हो डोळो सुधारलो, तर त्या बंदुकेतून माका डबो दिसात काय गो?"

मी म्हटलं, सांगता येत नाही, कदाचित दोन्ही डोळ्यांचा घोळ होईल.

"मगे ऱ्हवांदे," मामंजी उठले आणि चपला शोधू लागले. "आदी आंबे उतरांदेत."