ऊन असताना कपडे घरात

तुमच्या बाबाचा मला पहिला संशय आला तो कपड्यांवरून. तुम्ही जपानच्या दक्षिणेला राहायला गेलात आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागे, खोलीतच, दोरीवर कपडे दिसू लागले. बाहेर लख्ख ऊन! इथे डोंबिवलीत गॅलरीत उन्हाचा एक पट्टा येतो, तर मी त्याच्यामागे टॉवेल सरकवत असते.

"इथे तशी पद्धत आहे, आई," तो म्हणाला.

"ऊन वाया घालवायची?"

त्याने फोन भिंतीकडे वळवला. खिडकी तो कधीच दाखवत नसे. पुढच्या रविवारी तो चहा करायला उठला, तेव्हा मी तुमच्यातल्या थोरलीला गाठलं. ती कुजबुजली, "आजी, राख पडते. पण तुला सांगायचं नाहीये."

मी ठाण्याहून भूगोलाचं पुस्तक आणि मोठा नकाशा आणला. पृथ्वीचं कवच एकसंध नाही. त्याचे तुकडे आहेत आणि ते सरकतात. जपानपाशी समुद्राखालचा तुकडा शेजारच्या तुकड्याखाली घुसतो. जाताना पाणी घेऊन जातो. त्या पाण्यामुळे वरचा तापलेला खडक वितळतो आणि वाट काढत वर येतो. म्हणून तिथले ज्वालामुखी असे ओळीने उभे. मी त्या ओळीवरून बोट फिरवत गेले आणि ते तुमच्या गावाशी येऊन थांबलं.

रविवारी मी सरळच विचारलं, "अरे, ज्वालामुखी घरापासून किती लांब आहे?"

त्याने पुन्हा फोन भिंतीकडे वळवला. शेजारून तुमचे आजोबा म्हणाले, "सांगून टाक. नकाशा मांडून बसलीय ती."

"तू घाबरशील म्हणून बोललो नाही. वारा कुठे वाहणार ते इथे रोज सांगतात. आमच्याकडे असला की कपडे आत. आणि आई, तुमच्या जवळचा तो पारसिकचा डोंगर कसल्या दगडाचा आहे? लाव्हाच ना?"

"लाव्हाच. पण खाली जिथे आग होती, तिथून आपला तुकडा केव्हाच पुढे सरकलाय. आमचा दगड गार आहे. तुझा?"

परत या, असं मी म्हटलं नाही. त्याने ऐकलं नसतं. एकच अट घातली: फोन लागला की आधी खिडकी दाखवायची, मग चेहरे.

काल खिडकी दिसली. आभाळ स्वच्छ, कपडे बाहेर. पण सगळे एका रेषेत, एकेकाला दोन-दोन चिमटे. तुमच्या बाबाने आयुष्यात कधी असे कपडे वाळत घातलेले नाहीत. थोरले, खरं सांग, ते फोनच्या आधी किती वेळ बाहेर होते?