भांडी घासायची चिंच

पोंभुर्ण्याला आमच्या अंगणात चिंचेचं झाड होतं आणि शेजारी गळ्यात तुळशीची माळ घातलेले गुरुजी राहायचे. दर बाजाराच्या दिवशी ते पिशवी पाठीमागे धरून कुंपणाशी येत. त्यांच्या मागोमाग गल्लीतली मांजरं.

"बाई, थोडी चिंच द्या जी. देवाची भांडी घासाची हायेत."

इतकं घासूनही त्यांचे देव काळेच होते.

एकदा माझ्या बायकोनं मुद्दाम किडकी चिंच दिली. "घासालेच पाहिजे ना, गुरुजी?"

गुरुजींनी ती हुंगली. तोंड एवढंसं झालं. "चांगली द्या ना बाई. हिच्यानं रस्सा..." ते थांबले. "देव कोपते."

बायकोनं हसू दाबून चांगली चिंच दिली.

संध्याकाळी कुंपणावरून झाकलेली वाटी आली. "प्रसाद हाये," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

आम्ही तो काटे काढत काढत खाल्ला.