उसवण शेवटी

वाचनालयासमोरच्या दुकानात तीस वर्षं लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवणाऱ्या टेलरबाईंनी पन्नाशीत वेबसाइट बनवायला शिकायचं ठरवलं, तेव्हा घरचे पोट धरून हसले. बाईंनी हसू दिलं. दोन वर्षांत मशीनशेजारी लॅपटॉप आला आणि त्याचीही चार गिऱ्हाइकं झाली.

त्यांतलंच एक हे वाचनालय. तिथल्या ग्रंथपाल म्हणजे बाईंच्या थोरल्या जाऊबाई. वेबसाइटवर रोजची सूचना त्याच टाकायच्या. पण त्यांची नजर आताशा अधू झाली होती, आणि साइट सांभाळायचं अॅडमिनचं पान, म्हणजे डॅशबोर्ड, उघडलं की त्यावरच्या सतरा चौकटी अंगावर यायच्या. कुठे जाहिरात, कुठे अपडेट, कुठे कुणाला न कळणारा आलेख. महिन्यात दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं आणि पहिलं पानच गायब झालं. वाचनालयाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "सोमवारी पुन्हा घोळ झाला, तर हे काम दुसऱ्याकडे."

जाऊबाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. "आज काम काढतील, उद्या खुर्ची काढतील गं."

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दर महिन्याला त्या लावून देत, तो ताईंना बोलतो!

"ताई, मला फक्त शनिवार द्या," त्या म्हणाल्या.

डॅशबोर्ड बनवणाऱ्याने त्यात जागोजागी काजं ठेवलेली असतात. आपला हूक, म्हणजे कोडच्या चार ओळी, त्यात अडकवला की पान उघडताना त्या जागी आपलं काम होतं, मूळ कापडाला कात्री लागत नाही. अॅक्शन हूक म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. बाईंना तो पहिल्याच दिवशी कळला होता.

शनिवारी त्यांनी सतरा चौकटी काढायचा हूक लिहिला आणि आपली एकच मोठी चौकट बसवली. पान उघडलं तर आठ गेलेल्या, नऊ तशाच ठाण मांडून! बाईंनी अक्षर न् अक्षर तीनदा तपासलं. दुपार सरली. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. हाताला वळण कसलं, तर आधी उसवायचं, मग शिवायचं. इथे त्या नऊ चौकटी त्यांच्या हुकानंतर येऊन बसत होत्या. जे अजून शिवलंच नाही, ते उसवणार कसं? हुकाला क्रमांक देता येतो. मोठा क्रमांक शेवटी चालतो. न सांगता मिळतो तो दहा; बाईंनी दहाचे नऊशे नव्व्याण्णव केले. नऊच्या नऊ चौकटी गेल्या. आणि हे सगळं फक्त ताईंच्या लॉगिनपुरतं.

सोमवारी अध्यक्ष जाऊबाईंच्या खुर्चीमागे उभे राहिले. जाऊबाईंनी पान उघडलं. एक चौकट, ठळक अक्षरं, एक बटण. सूचना लिहिली, बटण दाबलं, चष्मा पुसला. दाराशी उभ्या टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला.

"एवढंच?" अध्यक्षांना ते पटेना. "बाकीचं कुठे गेलं? उठा, मी बघतो."

त्यांनी स्वतःचं लॉगिन केलं. सतराही चौकटी हजर. ते वर गेले, खाली गेले, एक आलेख उघडून बसले, घाईघाईने बंद केला. पाच मिनिटांनी खाकरून विचारलं, "सूचना... नेमकी कुठून टाकायची?"

जाऊबाईंनी त्यांच्या हातातला माउस अलगद काढून घेतला.

"राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जमेपर्यंत मीच टाकत जाईन."