लेम टिनिनचा अंगठा

लेम टिनिननं अकरा वर्षं आमच्या वस्तीत गिटार वाजवली, आणि त्या अकरा वर्षांत त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. कारण साधं होतं. वस्तीत दुसरी गिटारच नव्हती. कॅटलॉगातून मागवलेली, पोटाला चीर गेलेली ती गिटार घेऊन तो शनिवारी दुपारी दुकानाच्या ओट्यावर बसायचा आणि घोड्याला खरारा करावा तसा सहाही तारांवरनं हात फिरवायचा. लोक नाचायचे. झिल्फा मावशी म्हणायची, "लेम, हातात ताकद हाय बाबा तुझ्या." मावशीनं कधी गोडी म्हटलं नव्हतं, ताकदच म्हटलं होतं, हे लेमच्या ध्यानात यायला चौतीस सालचा उन्हाळा उजाडला.

त्या उन्हाळ्यात ऑर्लिस बम्पास डरहम शहराहून परत आला. तंबाखूच्या कारखान्यात आठ वर्षं काढून छातीत धूळ भरून आणली होती त्यानं, आणि पाठीवर एक गिटार. पहिल्याच शनिवारी तो ओट्याच्या पायरीवर बसला, भिंतीकडं तोंड करून खुंट्या पिळल्या आणि मग लोकांकडं वळला. उजव्या हाताची करंगळी त्यानं लाकडावर टेकवली. अंगठा जाड्या तारांवर चालायला लागला. एक इकडं, एक तिकडं, कामावर निघालेल्या माणसाच्या पावलांसारखा, न अडखळता. आणि वरच्या बारीक तारांवर पहिलं बोट निराळंच काहीतरी बोलत होतं. अंगठ्याचा बोटाशी संबंध नाही, बोटाचा अंगठ्याशी नाही, आणि तरी दोघांचं भांडण नाही. लेमनं मान वाकडी करून ओट्याच्या मागं बघितलं, दुसरा कुणी गिटारवाला लपलाय का म्हणून.

कुणी नव्हतं.

लेमची बायको व्हर्टी त्या दिवशी सगळ्यात शेवटी घरी आली. चपला हातात होत्या.

"पाय दुखत्यात," ती म्हणाली, आणि हसली. लेमला ते हसू आवडलं नाही.

आमच्याकडं तंबाखूचं शेवटचं कोठार भरलं की झिल्फा मावशीच्या अंगणात जेवण असतं. ससा-कोंबडीचं कालवण, मक्याची भाकर, आणि पारावरच्या ओकाच्या झाडाखाली एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून जो वाजवेल त्याच्यावर वस्ती नाचते. अकरा वर्षं ती लेमची होती. यंदा कुणाची, हे मावशी बोलली नाही. ती बोलली नाही, तेव्हाच लेमला कळायचं ते कळलं.

"मला शिकव" एवढंच म्हटलं असतं तर ऑर्लिसनं शिकवलंही असतं. पण लेमच्या तोंडातनं तो शब्द निघाला नसता, चिमट्यानं ओढला तरी. त्यानं डोळ्यांनी चोरायचं ठरवलं. दर शनिवारी तो ऑर्लिसच्या पुढ्यात उकिडवा बसायचा. लोक नाचत असायचे, व्हर्टी नाचत असायची, आणि हा बोटांकडं बघत असायचा. बाकीचे दिवस अंगठा चालवायचा. पानं तोडताना मांडीवर, जेवताना टेबलावर, झोपेत व्हर्टीच्या खांद्यावर.

"मी काय पिंप हाय व्हय?" ती हात झिडकारायची.

बोट हललं की अंगठा थबकायचा, हीच खरी रड होती. लेमनं बोटाला महिनाभर उपाशी ठेवलं. नुसता अंगठा. मग एका सकाळी बोटानं एक सूर उचलला आणि अंगठा थांबला नाही. तो एकटाच ओरडला घरात.

पण डावा हात काही जमेना. ऑर्लिस जिथं बोट ठेवतो तिथंच, त्याच पडद्यावर, त्याच तारेवर लेम बोट ठेवायचा आणि निघायचा तो नुसता कल्ला. रस्त्यानं जाताना झिल्फा मावशीनं हाळी दिली, "डुक्कर बांधलंय का रं आत?" लेमनं तारा बदलल्या. चिरेत सरस भरला. कल्ला तसाच.

एका शनिवारी ऑर्लिस गिटार ठेवून दुकानामागं गेला, तेवढ्यात लेमनं ती उचलली. बोटं ठेवली, छेडली. आपल्या गिटारीपेक्षा घाण आवाज. जाताजाता ऑर्लिसनं खुंट्या पिरगाळून ठेवल्या होत्या.

"तुझ्याकडं हाय की एक," ऑर्लिस विजारीचा पट्टा आवळत आला. "का ती माहेरी गेली?"

ओटा हसला. लेम घरी आला आणि त्यानं टेबलावर मूठ आपटली.

"तारा! तारा निराळ्या लावतो भडवा. दोन महिनं मी बोटं बघत बसलो."

तंबाखूचा काळा चीक बोटांवरनं काढायला व्हर्टी हिरवा टोमॅटो चोळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"दो, सो, दो, मी, सो, दो," ती म्हणाली.

"काय?"

"त्याच्या तारा. जाडीपासनं सुरू कर."

चर्चमधल्या गाण्याच्या वर्गात व्हर्टी सहा हिवाळे दो-रे-मीचे सूर शिकली होती. ताटली पडली तरी तिचा सूर ती सांगायची. तरी लेम उभाच राहिला.

"तुला कुठनं ठाऊक?"

"छातीमुळं त्याला पानं वाहायची खेचराची घसरगाडी दिलीया न्हवं? दुपारी गाडी सुटली की कोठाराच्या छपराखाली बसून तारा लावतो. आम्ही बाया तिथंच पानं बांधतो. पाठ फिरवून बसतो मेला. डोळ्यांपासनं लपवतो, कानांचं काय करल?"

"रोज?"

"रोज."

"मी तिकडं उन्हात पानं तोडत मरतोय, आन् तू... दोन महिनं बोलली न्हाईस?"

"इचारलंस कधी? बोटांकडं बघत हुतास त्याच्या. माझ्याकडं कवा बघितलंस?"

त्यानं गिटार घेतली. ती एकेक सूर गायची आणि तो खुंटी पिळायचा. चार तारा उतरल्या, दोन जागेवर राहिल्या. मग त्यानं काहीच न दाबता अंगठा सगळ्या तारांवरनं फिरवला आणि घर भरून सूर निघाला. लेमचे डोळे मोठे झाले. पण आनंद पुरता पोटात उतरायच्या आतच त्याला ते छप्पर दिसलं. पानांचा ढीग, बाया, आणि पाठ फिरवून बसलेला तो.

"तू गायचीस त्याच्यासंगं?"

व्हर्टीनं टोमॅटो उलटा करून चोळला. "कवातरी."

त्या "कवातरी"वर लेम तीन आठवडे जगला. रागानं वाजवलं की अंगठा जरा जास्तच सरळ चालतो, हे त्याला तेव्हा कळलं.

जेवणाच्या दिवशी कालवण उतरायच्या आधीच तो खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं ऑर्लिसचं तेच गाणं धरलं. अंगठा चालला, बोट बोललं. लोकांच्या हातातली ताटं थांबली. झिल्फा मावशी म्हणाली, "अगं बया!" आणि पुढं ताकदीचं नाव काढलं नाही. बघता बघता अंगण नाचणाऱ्यांनी भरलं.

ऑर्लिसनं आधी लेमच्या खुंट्यांकडं बघितलं, मग बायांच्या बाकड्याकडं, मग व्हर्टीकडं. खोकला येईपर्यंत हसला.

"तारांच्या ह्या जुळणीसाठी एका म्हाताऱ्याचं दोन वर्षं सरपण वाहिलंय म्या," तो म्हणाला. "पर बरं झालं लेम. दर शनवारी मीच वाजवायचं, मग म्या नाचायचं कवा?"

त्यानं ताट ठेवलं, हात पुसला आणि व्हर्टीपुढं धरला. व्हर्टी उठली.

अंगण भरल्यावर वाजवणाऱ्यानं हात काढायचा नसतो. नाचणारे दमतील तेव्हाच थांबायचं. मध्येच थांबला तर त्याला वस्तीत कुणी परत बसवत नाही. लेमनं लय वाढवली, म्हटलं, धुळीनं भरलेली ती छाती फुटू दे. लोकांनी आरोळ्या ठोकल्या, ऑर्लिसचे पाय आणखी पळाले. लेमनं लय उतरवली. तशी ती दोघं एकमेकांच्या जवळ सरकली. त्यानं घाईघाईनं परत वाढवली.

"ऑर्लिस!" तो खुर्चीतनं ओरडला. "ये, बस हितं. तुझी पाळी."

"माझी गिटार घरी हाय."

"माझी घे की!"

"दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत न्हाई," ऑर्लिस म्हणाला, आणि त्यानं व्हर्टीला गर्रकन फिरवलं.

झिल्फा मावशीच्या हातातला चमचा हसता हसता कालवणात पडला. लेमचा अंगठा चालतच होता.